लोकल आयडी चालणार नाही

शहर संपून हायवे सुरू झाला की पहिल्या पेट्रोल पंपापुढे लॉजची रांग लागते. आत काउंटरवर बालाजीची तसबीर, तिच्याभोवती पळत्या दिव्यांची माळ, सुतळीने बांधलेलं बॉलपेन आणि लॅमिनेशन केलेला एक कागद: 'लोकल आयडी चालणार नाही'. पुढे तीन उद्गारचिन्हं. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय असं मॅनेजरला विचारलं की तो तसबिरीकडे बघतो. बालाजी तरी काय सांगणार? पाहुण्याची ओळख नोंदवून घ्या, एवढंच बंधन आहे. नाशिकच्या माणसाने नाशकात खोली घेऊ नये, असं कुठलंच कलम नाही.

कागदाचा अर्थ मात्र सगळ्यांना बरोबर कळतो. नाशिकच्या जोडप्याने पुण्याला जावं, पुण्याच्या जोडप्याने नाशकाला यावं. संगमनेरला दोन्ही एसट्या समोरासमोर आल्या की एकमेकांना हात करावा.

काउंटरवरचं रजिस्टर हा तर ललित वाङ्मयाचाच प्रकार. नाव, वय, पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, सोबतच्या व्यक्तीशी नाते, येण्याचे कारण. शेवटच्या रकान्यात 'खाजगी काम', 'परीक्षा', 'देवदर्शन'. शनिवारी रात्री साडेनऊला आलेले आणि रविवारी सकाळी सातला गेलेले हे भाविक कोणत्या देवाला आले होते, असं कोणी विचारत नाही. नात्याच्या रकान्यात 'मिसेस' लिहायचं. ते खोटं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक, मॅनेजरला ठाऊक, शेजारी उभ्या 'मिसेस'ला ठाऊक. दर शनिवारी या राज्यात अशी किती लग्नं लागत असतील कोण जाणे. अक्षता नाहीत, आहेर नाही, पंगतीत रुसून बसलेला थोरला जावई नाही. सकाळी चावी परत दिली की काडीमोड.

तेव्हा एका रात्रीचे संबंध आपल्या समाजाला मान्य नाहीत, ही अफवा आहे. ती रात्र परगावी व्हावी, एवढीच माफक अट आहे. जकात नाके उठले, हा एक तेवढा राहिला.

म्हणून तर गोवा. पुण्या-मुंबईची पोरं गोव्याला जाऊन येतात आणि 'गोव्याला गेलो होतो' या तीन शब्दांवर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. प्रश्न गोवेकरांचा आहे. म्हापशाच्या पोरीने कुठे जायचं? तिची आत्या म्हापशात, मावशी मडगावात, आणि हॉटेलचा मॅनेजर बाबांबरोबर शाळेत होता. आपल्याला जे मोकळं रान वाटतं ते तिच्यासाठी चाळीच्या गॅलरीइतकंच खाजगी.

ही परगावची अट फार जुनी आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली, गोदाकाठच्या जगातली, आपल्या मराठीची पणजी. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मागताना पठारे समितीने याच ग्रंथाचा दाखला दिला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्या पुढाऱ्यांनी तो ग्रंथ उघडला असता तर पेढा घशात अडकला असता. त्यातली एक गाथा अशी: घरधनी परदेशी गेलेला आहे. रात्रीपुरता आसरा मागायला वाटसरू आलाय. घरची सून त्याला उजेड आहे तोवर नीट दाखवून ठेवते, इथे म्हातारी सासू झोपते, इथे मी. आणि वर बजावते की बाबा रे, रात्री दिसलं नाही म्हणून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. वर मनाई, आत आमंत्रण. काव्यशास्त्राचा पायाच म्हणायचा तर एका रात्रीच्या पाहुण्यावर उभा आहे. (हे शास्त्र आजच्या तरुणांनी वापरायला जाऊ नये. आज नकार म्हणजे नकार. त्यात ध्वनी शोधत बसाल तर कोठडीत बसाल.)

आता लक्ष द्या, तो वाटसरू आहे. म्हणजे परगावचा आयडी. गावातल्या गावात जमवणारीही या संग्रहात भरपूर आहेत, पण त्यांना गोदेकाठची झाडी नाही तर तागाचं शेत गाठावं लागतं. भात पिवळं पडलं, कापणी आली की या बायांच्या पोटात गोळा येतो. लॉज बंद.

मग 2015 चा ऑगस्ट. मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर मुंबई पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसच्या आसपास जोडपी बाहेर काढली. सज्ञान माणसं, स्वतःच्या पैशाने खोली घेतलेली, दाराला आतून कडी. कलम लावलं पोलीस कायद्याचं 110, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. कडी लावलेली खोली सार्वजनिक कधी झाली? पोलिसांनी दार ठोठावलं तेव्हा. दंड 1200 रुपये. पोरींना घरी फोन लावायला लावले, अशा तक्रारी छापून आल्या. फारच बोंब झाली तेव्हा आयुक्त राकेश मारिया यांनी चौकशी लावली. त्या पोरापोरींना ज्या शेजाऱ्याने पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना पाहिलं असेल, त्याची चौकशी मात्र कोणी लावली नसणार. तो तिथे कशाला गेला होता?

1200 हा आकडा वाचून मला र. धों. कर्वे आठवले. गणिताचा प्राध्यापक, 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलेला, नोकरी गेली तरी न थांबलेला माणूस. 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दोघांची राजीखुशी असावी, रोग पसरू नये, नको असलेलं मूल जन्माला येऊ नये. एवढं सांभाळलं तर बाकीच्यात लोकांनी पडायचं कारण नाही. आणि यातलं सुख बाईलाही हवं असतं. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी हरले. दंड 200 रुपये.

1934 ला 200, 2015 ला 1200. एक्याऐंशी वर्षांत फक्त सहापट. सोन्याशी ताडून पाहा, जागेच्या भावाशी पाहा, वडापावाशी पाहा. महागाईला इतकं थोपवून धरणारी अनीतीखेरीज दुसरी वस्तू या देशात नाही. रिझर्व्ह बँकेने अभ्यास करावा.

कायद्याचं उरकून टाकू, कारण कायदा यात सर्वांत कमी करमणुकीचा आहे. 2005 मध्ये अभिनेत्री खुशबू म्हणाली की लग्नाआधी संबंध ठेवणाऱ्या मुलींनी काळजी घ्यावी, आणि शिकल्यासवरल्या पुरुषाने नवरी कुमारीच हवी असा हट्ट धरू नये. तिच्यावर वीसहून जास्त फिर्यादी झाल्या. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या रद्द केल्या आणि सांगितलं की सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध लग्नाबाहेर असले म्हणून गुन्हा होत नाही. 2018 मध्ये व्यभिचाराचं 497 कलम गेलं. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहू नये असा कायदा नाही. एवढं सगळं झालं. काउंटरवरचा कागद जागचा हलला नाही. उलट ओयो, म्हणजे ज्या कंपनीचं नाव कॉलेजच्या कट्ट्यावर क्रियापदासारखं चालतं ती, 2025 च्या जानेवारीत मेरठमध्ये म्हणू लागली की नात्याचा पुरावा दाखवा. ज्या जोडप्यांनी वर चढवलं त्यांनाच विचारणं, तुम्ही कोण?

आणि समाजाला लॉजचंच वावडं आहे म्हणावं, तर तेही नाही. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीला लॉजच लागतो. लग्नाची रात्र, वर पांढरी चादर, बाहेर जातपंचायतीची माणसं, आणि सकाळी निकाल. दोन माणसं आत, अख्खी पंचायत दाराशी, आणि असभ्य वर्तनाचं 110 कलम कोणालाही आठवत नाही. तिथे लोकल आयडीही चालतो. त्याच समाजातल्या शिकलेल्या पोरापोरींनी याविरुद्ध मोहीम उघडली, 2018 च्या जानेवारीत पिंपरीत त्यांच्यातल्या काहींनी लग्नाच्या मांडवात मार खाल्ला. 2019 मध्ये सरकारने ही चाचणी लैंगिक अत्याचारात धरू असं जाहीर केलं. हे वाचून 'त्यांच्यात असतं असलं काहीतरी' असं म्हणत पुढचं पान उलटणाऱ्या डॉक्टरसाहेबांना आठवण देतो: 2019 पर्यंत आपल्याच आरोग्य विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कौमार्याची लक्षणं होती, आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत कुमारिकांचे खऱ्या आणि खोट्या असे दोन वर्ग होते. पंचायत चादर बघत होती, तुम्ही टॉर्च घेऊन बघत होता.

असो.

आकड्यांकडे येऊ, कारण मराठी माणसाचा आकड्यांवर विश्वास असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 मध्ये झाली. मागच्या बारा महिन्यांत जोडीदार नसलेल्या आणि सोबत राहत नसलेल्या व्यक्तीशी संबंध आले का, असा प्रश्न होता. चार टक्के पुरुष हो म्हणाले. बायका किती? अर्धा टक्का. आठास एक. पैसे देऊन केलेले आणि पुरुषा-पुरुषांतले संबंध वजा केले तरी हिशेब जुळायला कठीण. एक तर त्या अर्ध्या टक्क्यातल्या बायकांना दम खायला फुरसत नसेल, नाही तर चारातले काही पुरुष नुसत्याच फुशारक्या मारत असतील, नाही तर बऱ्याच बायकांनी सर्वेक्षणाच्या ताईला 'छे गं बाई' म्हटलं असेल. मला तिसरं पटतं. आतल्या खोलीत सासू कप विसळता विसळता थांबलीय, आणि बाहेर ताई हळू आवाजात विचारतेय, मागच्या वर्षभरात परपुरुषाशी? काय सांगणार ती? 'कोठून आले, कोठे जाणार'चा रकाना घरातही असतोच.

पुरुषाचं बरं असतं. इनामदाराने अंगवस्त्र बाळगलं तर तो रंगेल. फडावर पैसे उधळले तर रसिक. बँकॉकला कंपनीच्या खर्चाने गेला तर ती कॉन्फरन्स. वय झाल्यावर हीच माणसं नातीच्या स्लीव्हलेसवरून जेवण टाकतात.

सिनेमाने तर या विषयाचं शास्त्रच बदललं. डॉक्टर सांगतात की एखाद्या वेळच्या संबंधातून दिवस राहण्याची शक्यता तशी थोडकी असते, शेकड्यात चारदोनच. सिनेमात शंभर टक्के. पाऊस आला, कपडे भिजले, शेकोटी पेटली, की नऊ महिन्यांनी निकाल. 1969 चा 'आराधना' घ्या. त्यात तर दोघांनी आधी देवळात एकमेकांना हार घातलेले आहेत, म्हणजे निर्मात्याने अटकपूर्व जामीन घेऊन ठेवलाय. तरी त्या एका रात्रीसाठी शर्मिला टागोरला पुढचा सगळा सिनेमा पांढऱ्या साडीत काढावा लागतो, तुरुंगात जावं लागतं. राजेश खन्ना तेवढा सुटतो. आधी मरतो, मग मुलगा होऊन परत येतो, पुन्हा हिरोच. आपला समाज त्या रात्रीला कधीच माफ करत नाही असं नाही. बाईने हमसून हमसून रडावं, दोन तास प्रायश्चित्त घ्यावं, मग करतो. रडत नाही ती बाई पचत नाही.

पाऊस आणि शेकोटी दाखवायला बंदी नव्हती. बंदी आली ती भलत्यावर. 2017 च्या डिसेंबरमध्ये माहिती आणि प्रसारण खात्याने टीव्ही वाहिन्यांना कळवलं की निरोधच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवा. नंतर खुलासा आला की भडक नसतील त्या दिवसाही चालतील. पण सरकारी कल्पना कळली: लोकसंख्या दिवसा वाढत नाही. याच सरकारने 1968 मध्ये 'निरोध' बाजारात आणला होता, भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवला होता. शाळेच्या कंपाउंडवरसुद्धा. आमच्या पिढीने बाराखडीनंतर वाचलेलं पहिलं वाक्य 'दोन किंवा तीन पुरेत' हेच.

मेडिकलच्या दुकानातला प्रकार तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा बाजूला उभे राहून बघा. गिऱ्हाईक आधी क्रोसिन घेतं. मग ते विक्स घेतं. मग दुकानातल्या दोन बायका जाईपर्यंत टूथब्रशचे प्रकार तपासतं. शेवटी भुवई उडवून काचेच्या कपाटाकडे मान करतं. दुकानदार न बोलता पाकीट काढतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो, रबर लावतो आणि काळ्या पिशवीत घालतो. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी झाली. भाजीची पिशवी गेली, दुधाच्या पिशवीवर वाद झाला. काळी पिशवी दोनच वस्तूंसाठी टिकून आहे, एक हे आणि दुसरे सॅनिटरी पॅड. लाजेपुढे पर्यावरणाचंही काही चाललं नाही.

आणि हेच पाकीट मुलीने मागितलं तर? दुकानदार पिशवी देतो, पैसे घेतो आणि सुटे परत देताना 'तू जोशीकाकांची ना?' म्हणतो. इथेही लोकल आयडी चालत नाही.

मग मोबाइल आला. त्यावर ॲप आलं. वाटलं, आता सुटलो. टिंडर भारतात आलं, 2016 मध्ये त्यांनी जाहिरात केली, आणि त्यात काय दाखवलं? मुलगी तयार होतेय, आई बघतेय, आणि शेवटी आई म्हणते, माझ्याकडून राइट स्वाइप. जगभरात जे ॲप आईला कळू नये म्हणून वापरतात, ते इथे आईच्या परवानगीने विकायला काढलं. उद्या कुळदेवतेचा कौल लावायचं बटण आलं तरी मला नवल वाटणार नाही.

आत शिरल्यावर तर वधूवर सूचक मंडळातच आल्यासारखं होतं. उंची, शिक्षण, नोकरी, शाकाहारी की मांसाहारी. एका रात्रीत ही दोघं किती वेळा जेवणार आहेत? ॲपवर नुसतं नाव दिसतं, आडनाव दिसत नाही. कंपनीला वाटलं असेल ही सोय सुरक्षेसाठी झाली. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या मेसेजला गाडी तिथेच येते: 'पूर्ण नाव काय?' मग 'मूळ गाव कुठलं?' कोकणातलं म्हटलं की 'कुठल्या आळीत?' रक्तगट नाही विचारत. तपासणी करून घेतलीस का, हेही नाही विचारत, जे खरं विचारायला हवं. आडनाव कळल्याशिवाय मात्र स्वैराचारसुद्धा करवत नाही.

पूर्वी निदान एवढं तरी होतं की जात मांडवात आडवी यायची, पलंगावर नाही. 2019 मध्ये महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला एक खटला त्याचाच. दोघं सुशिक्षित, सरकारी नोकरीतली, कित्येक वर्षांचे संबंध. लग्नाची वेळ आली तेव्हा त्याला तिची जात दिसली. कित्येक वर्षं दृष्टी गेली होती, ती नेमकी मुहूर्त काढताना परत आली. न्यायालयाने म्हटलं, वचन मोडणं वेगळं आणि सुरुवातीपासूनच खोटं वचन देणं वेगळं. यात दुसरं दिसत नाही. आणि गुन्हा रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. त्या बाईला ते वाचून काय वाटलं असेल ते निकालपत्रात नाही. 2024 च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत तर लग्नाचं खोटं वचन देऊन ठेवलेल्या संबंधांना स्वतंत्र 69 वं कलम आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. फसवणारे असतात, ढिगाने असतात, त्यांना आत टाकाच. मला खटकतं ते निराळं. आपल्याकडे बाईने शरीरसंबंध ठेवला याला दोनच कारणं ग्राह्य धरतात: नवरा आहे, किंवा नवरा होईन म्हणाला होता. 'मला वाटलं म्हणून' या कारणाला रजिस्टरमध्ये रकानाच नाही.

2021 मध्ये बोरिवलीतल्या एका सोसायटीने समोरच्या रस्त्यावर चक्क 'नो किसिंग झोन' रंगवून घेतलं. रहिवाशांची तक्रार खरी असेल, संध्याकाळी गाड्या लावून जोडपी बसत होती. पण का बसत होती? घरात तीन पिढ्या, लॉजमध्ये कागद, बागेत शिट्टी फुंकणारा वॉचमन, किनाऱ्यावर 110 कलम. उरला रस्ता. त्यावरही रंग लावलात. बोरिवलीत दोघांना एकांत मिळायचा तर आता कोणीतरी गाथासप्तशती वाचून तागाचं शेत पेरायला हवं.

तरुणांची बाजू घेतोय म्हणून त्यांनी फार खूश होऊ नये. त्यांच्यासाठी थोडं राखून ठेवलंय.

अमेरिकेत फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाच्या आवारात 1978 आणि पुन्हा 1982 मध्ये रसेल क्लार्क आणि इलेन हॅटफील्ड यांनी एक गंमत केली. बऱ्या दिसणाऱ्या मुलामुलींना अनोळखी विद्यार्थ्यांकडे पाठवून सरळ विचारायला लावलं, आज रात्री माझ्याबरोबर झोपशील? मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तयार. मुलींपैकी एकही नाही. दोन्ही वेळा शून्य. यावरून 'बघा, बायकांना मुळात हे नकोच असतं' असं ज्यांना म्हणायचं होतं त्यांनी पुढे तीस वर्षं म्हणून घेतलं. 2011 मध्ये टेरी कॉन्ली या संशोधिकेने तोच प्रश्न खोदला. मुलींचं म्हणणं साधं निघालं. विचारणारा अनोळखी माणूस धोक्याचा वाटतो, आणि एवढा धोका पत्करून पदरात सुख पडेल याची खात्री नाही. धोका आणि खात्री हे दोन मुद्दे सोडवून पुन्हा विचारलं की बायकांचा आणि पुरुषांचा फरक पार उतरतो. म्हणजे हा नकार शिलाचा कमी आणि हिशेबाचा जास्त होता.

तो हिशेब पुण्यातली मुलगी रोज करते. भेटायला निघताना मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन, त्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, कॅबचा नंबर, आणि 'दहापर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर'. चांद्रयान सोडताना करतात तेवढी तयारी. तो काय करतो? डिओ मारतो.

ओळखीतल्या एका मुलीने सांगितलं ते तसंच देतो. आयटीत आहे, तिशीची, स्वतःच्या भाड्याच्या घरात राहते. तो ॲपवर भेटलेला, तीनदा कॉफी झालेली, बोलायला बरा. पुस्तकं वाचणारा, स्त्री-पुरुष समानतेवर पोस्ट टाकणारा. रात्र ठीक गेली. सकाळी चहा तिनेच केला. त्याने कप हातात घेतला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि अगदी आपुलकीने विचारलं, "तू... हे नेहमी करतेस?"

"चहा?" ती म्हणाली.

"नाही गं. हे."

"तू?"

"माझं वेगळं आहे."

पोलीस नव्हते, पंच नव्हते, जोशीकाकांचा दुकानदार नव्हता, बालाजीची तसबीरही नव्हती. मॅनेजर तेवढा आत येऊन चहा पीत होता, आणि शेवटचे दोन रकाने भरून घेत होता.

तिने कप घेतला, विसळून ठेवला. त्याला कॅब तिनेच बुक करून दिली, लिफ्टपर्यंत सोडलं, शेजारच्या काकू दूध घ्यायला दार उघडून उभ्या होत्या त्यांना "गुड मॉर्निंग काकू" म्हणाली. ड्रायव्हरला पाच स्टार दिले. ॲप उघडून याला ब्लॉक केलं आणि आंघोळीला गेली.

मित्रांना त्याने सांगितलं, बिचारीला नंतर फार गिल्ट आला.